नाताळचं ताट

(दृश्य: म्हापशाचा शुक्रवारचा बाजार. माडाच्या गुळाच्या काळ्या, निमुळत्या ढेपा.)

३ डिसेंबरला जुन्या गोव्यात सायबाचं, म्हणजे सेंट फ्रान्सिस झेवियरचं, फेस्त (सण) असतं, ८ डिसेंबरला पणजीच्या चर्चचं. ही दोन फेस्तं उरकली की गोव्यातल्या ख्रिस्ती घरांची बाजाराची यादी बदलते. माडाचा गूळ, नारळ, काजू, मैदा, अंडी. ही भेटींची खरेदी आहे. पोरांना नवे कपडे मिळतात, बाप्तिस्म्याचे पाद्रिन आणि माद्रिन (धर्मपिता आणि धर्ममाता) आपापल्या लेकराच्या हातावर काहीतरी ठेवतात, ते वेगळं. घराच्या नावाने दुसऱ्या घरी जाते ती भेट म्हणजे कोन्सुआद, रुमालाने झाकलेलं गोडाचं ताट.

ताट नाताळच्या आसपास वाटलं जातं आणि खाल्लं जातं पार तीन राजांच्या फेस्तापर्यंत, म्हणजे ६ जानेवारीपर्यंत. त्यामुळे स्वयंपाकघरातला सगळा हिशेब टिकण्याचा. कुळकुळ, पेराद, दोस आधी होतात. नेवऱ्या त्यानंतर. दोदोल आणि बेबिंक २० तारखेच्या सुमारास. ओला नारळ घातलेली बातिक (रव्याचा केक) सगळ्यांत शेवटी, कारण ती लवकर खराब होते.

(दृश्य: चुलीवर तांब्याचं जाड पातेलं. लाकडी उलथणं फिरतंय.)

दोदोलला तीनच गोष्टी लागतात, पण दंड भरून येतात. अर्धा किलो तांदळाचं पीठ, १ किलो माडाचा गूळ, पाच-सहा नारळांचा रस. पहिला दाट रस बाजूला काढून ठेवायचा. दुसऱ्या, पातळ रसात गूळ विरघळवायचा आणि फडक्यातून गाळायचा. हे गाळणं टाळू नये, माडाच्या गुळात काड्या आणि कचकच असते आणि ती दाताखाली आली की सगळ्या मेहनतीवर पाणी. पीठ गार रसात कालवून घ्यायचं. गरम रसात टाकलं तर गुठळ्या होतात आणि त्या नंतर कितीही घोटलं तरी मोडत नाहीत. चिमूटभर मीठ, दाट रस, मध्यम आच. मग ढवळणं.

सुरुवातीचा अर्धा तास सोपा असतो, मिश्रण सैल असतं. पुढे ते घट्ट होतं, उलथणं जड होतं, आणि नेमकं याच वेळी हात थांबतात. पातेल्याचा तळ धरला तर तो खरवडू नये. करपलेलं वर आलं की अख्ख्या घाण्याला कडवट वास लागतो. जे वर आहे ते दुसऱ्या भांड्यात उलटून पुढचं काम तिथे करावं. म्हणूनच हे काम दोघांत घेतात, एक थकला की दुसरा.

(दृश्य: जवळून. गोळा पातेल्याच्या कडा सोडतो, कडेने तेल दिसू लागतं.)

इथे बघा. गोळ्याच्या कडेने नारळाचं तेल सुटलंय. पुष्कळजण इथेच उतरवतात, आणि हे लवकर होतं. तेल सुटल्यावरही थोडा वेळ परतायचं. ओल्या बोटाने दाबलं तर चिकटता कामा नये, पृष्ठभाग चकचकीत दिसला पाहिजे. आता काजूचे तुकडे घालून तूप लावलेल्या थाळ्यात थापायचं, वर आलेलं जादा तेल निथळून घ्यायचं आणि रात्रभर तसंच ठेवायचं. लवकर उतरवलेल्या दोदोलात ओल राहते, चार दिवसांत पांढरी बुरशी दिसते, आणि तोवर ते ताटात घालून कुणाकुणाच्या घरी पोचलेलं असतं.

बेबिंकाचं, म्हणजे थरांच्या केकचं, तंत्र उलटं, आच वरून हवी. दहा अंड्यांचे बलक, अर्धा किलो साखर, दोन नारळांचा दाट रस, पाव किलोला थोडा कमी मैदा, जायफळ, आणि हात आखडता न घेता तूप. जुन्या पद्धतीत झाकणावर नारळाच्या सोडणांचे निखारे ठेवतात, ओव्हनमध्ये वरची कांब चालू ठेवतात. चमचाभर तूप, डावभर मिश्रण, वरून तांबूस होईपर्यंत भाजायचं. पुन्हा तूप, पुन्हा डाव. थर परंपरेने सात, हौस असेल तर सोळापर्यंत. वरचा थर फिका असतानाच पुढचा डाव ओतला तर दोन्ही एक होतात आणि कापल्यावर रेघा दिसत नाहीत. डाव मोठा पडला तर मधला भाग कच्चा. घाई असलेल्याने याच्या वाटेला जाऊच नये. गोव्याच्या बेबिंकाला २०२३ साली भौगोलिक मानांकन मिळालं, त्यानंतर खोक्यातलं बेबिंक ठिकठिकाणी दिसतं. विकत घेताना थर मोजत बसण्यापेक्षा ते तांबूस आहेत का ते बघावं.

नेवरी तर सगळ्यांच्या ओळखीची. गोव्यातल्या हिंदू घरांत ती चवथीला, म्हणजे गणेशचतुर्थीला, होते, महाराष्ट्रात तिला करंजी म्हणतात. नाताळच्या नेवरीत खोबरं कोरडं होईपर्यंत भाजून घेतात, सोबत तीळ, रवा, पिठीसाखर, वेलची. सारण ओलसर राहिलं तर तळताना कड फुटते, साखर तेलात उतरते आणि पुढचा सगळा घाणा काळा पडतो.

कुळकुळ हे पोरांचं काम. अर्धा किलो मैदा, १०० ग्रॅम पिठीसाखर, दोन चमचे गरम तूप, मीठ, आणि मळायला नारळाचा रस. तासभर झाकून ठेवायचं. वाटाण्याएवढी गोळी काट्याच्या पाठीवर नाहीतर नव्या कंगव्यावर दाबायची आणि गुंडाळत आणायची. शेवटची कड नीट चिकटवली नाही तर तळताना उलगडते. तेल फार तापलेलं नको, बाहेरून लाल आणि आतून पिठूळ होतात. पेराद आणि दोस त्या मानाने बिनघोर. पेरूचा गर गाळून जवळजवळ समभाग साखरेत आटवला की पेराद, चण्याची डाळ शिजवून साखर-नारळात घोटली की दोस.

(दृश्य: खोलीच्या कोपऱ्यात गोठा. डब्याच्या झाकणांत उगवलेली नाचणी.)

इकडे गोठ्याचं, म्हणजे येशूजन्माच्या देखाव्याचं, काम चालू असतं. गोठ्यातली हिरवळ बाजारातली नसते, नाचणी पेरतात. दाणे रात्रभर भिजवायचे, उथळ झाकणात बोटभर माती, वर दाटीने दाणे, रोज पाण्याचा शिडकावा. दहा-बारा दिवस पुरतात. आधी पेरली तर रोपं उंच होऊन आडवी पडतात, पाणी तुंबलं तर मुळाशी बुरशी धरते. मारिया, जुझे (योसेफ), मेंढपाळ, गुरं आधी मांडतात, गव्हाण मात्र रिकामी. काही घरांत मूल एखादं भलं काम करील तेव्हा त्याने गव्हाणीत गवताची एक काडी टाकायची, असा नेम असतो. बाळ येशूची मूर्ती ठेवतात ती मध्यरात्रीच्या मिसानंतर, म्हणजे चर्चमधल्या प्रार्थनेनंतर.

लूकच्या शुभवर्तमानात ही गोष्ट थोडक्यात आहे. उतारशाळेत जागा नव्हती म्हणून आईने बाळाला गव्हाणीत ठेवलं, आणि बातमी पहिल्यांदा कळली ती रानात रात्रपाळी करणाऱ्या मेंढपाळांना. ख्रिस्ती श्रद्धेत नाताळची भेट म्हणजे हे बाळच, देवाने न मागता दिलेलं. ताटं कुणाकडे जातात ते याच्यावरून समजतं.

ज्या घरात वर्षभरात मयत झालेलं असतं, तिथे गोड करत नाहीत, दारात नक्षत्र (चांदणीचा कंदील) लावत नाहीत. त्या घरी शेजाऱ्यांचं ताट गेलंच पाहिजे. तिथून परत काही येण्याची अपेक्षा नसते. हिंदू शेजाऱ्यांचं ताट वेगळं लावावं. बेबिंक, बातिक आणि बोलिन्यांत (नारळ-रव्याच्या बिस्किटांत) अंडं असतं, तेव्हा ज्या घरी अंडं चालत नाही तिथे नेवऱ्या, दोदोल, दोस, पेराद आणि वरच्या कृतीने केलेले कुळकुळ. तेही अंड्याच्या पदार्थांआधी, वेगळ्या भांड्यांत केलेले. त्याच शेजाऱ्यांकडून चवथीला नेवऱ्या आलेल्या असतात.

ताट भरतानाही चुका होतात. बातिकेची ओल लागून नेवऱ्या आणि कुळकुळ तासाभरात मऊ पडतात, म्हणून कोरडं एका बाजूला, ओलं केळीच्या पानाच्या तुकड्यावर दुसऱ्या बाजूला. दोदोल आणि पेरादच्या वड्या एकमेकींवर रचू नयेत, चिकटतात. गरम पदार्थ झाकून पाठवू नये, रुमालाखाली घाम धरतो.

(दृश्य: कांसावलीजवळची टेकडी. घोड्यांवर मुकुट घातलेले तीन मुलगे.)

६ जानेवारीला कांसावली, आरोशी आणि कुयेली या तीन गावांतले तीन मुलगे राजे होऊन घोड्यांवरून टेकडीवरच्या रेमेदियुश सायबिणीच्या (मारियामातेच्या) कपेलात, म्हणजे छोट्या चर्चमध्ये, जातात. मत्तयच्या शुभवर्तमानात मागी लोकांनी (पूर्वेकडून आलेल्या ज्ञानी माणसांनी) आणलेल्या सोनं, ऊद आणि गंधरस या तीन भेटी सांगितल्या आहेत, माणसं किती होती ते सांगितलेलं नाही. तीन भेटी, म्हणून तीन राजे. घरोघरच्या गोठ्यातही आता ते गव्हाणीपाशी येतात, आणि डब्यातले उरलेले कुळकुळ फेस्ताला आलेल्या पाहुण्यांपुढे येतात. सादळले असले तर मंद ओव्हनमध्ये पाच-सात मिनिटं ठेवावेत, पुन्हा कुरकुरीत होतात.