बोंडाचं नाव काजू

(दृश्य : सिंधुदुर्गातली काजूबाग, एप्रिल)

लाल, पिवळी, रसाने टच्च भरलेली बोंडं. टोकाची बी पिरगाळून काढायची, पाटीत टाकायची. बोंड मात्र झाडाखालीच. आपण काजू म्हणतो तो बीच्या आतला गर. पण हा शब्द समुद्र ओलांडून आला, तो या टाकून दिलेल्या बोंडाचं नाव म्हणून.

(दृश्य : बोंड कापताना)

शब्द मूळचा ब्राझीलचा. तिथले तुपी लोक या फळाला 'अकाजू' म्हणत. हंगाम वर्षातून एकदा, म्हणून 'अकाजू' म्हणजे वर्षसुद्धा. पोर्तुगीजांनी त्याचा 'काजू' केला आणि सोळाव्या शतकात झाडासकट भारतात आणला. ब्राझीलमध्ये आजही काजू मागा, बोंड मिळेल. बियांसाठी 'कास्तान्या दे काजू' असं वेगळं मागावं लागतं.

(दृश्य : भाजलेल्या बिया, काळवंडलेली बोटं)

टरफलातलं हे तेल कातडी सोलून काढतं. बिब्ब्यासारखंच, कारण काजू, बिब्बा आणि आंबा एकाच कुळातले. तेलुगू माणसाने हे नावातच सांगून टाकलं : 'जीडिमामिडी'. जीडी म्हणजे बिब्बा, मामिडी म्हणजे आंबा. मल्याळममध्ये 'परंगी मावु', फिरंग्यांचा आंबा. युरोपातल्या जुन्या वैद्यांचं 'अनाकार्डियम', म्हणजे हृदयासारखं, हे नाव खरं तर आपल्या बिब्ब्याचं. 1753 मध्ये स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने ते काजूच्या झाडाला दिलं. इटलीत काजू 'अनाकार्डो' झाला तो त्यातूनच. फ्रान्समध्ये 'अकाजू' म्हणजे चक्क महोगनीचं लाकूड!

(दृश्य : गोवा, डोंगरउतारावरची भाटी, म्हणजे दारू गाळायची भट्टी)

बोंडाचा मान राखला तो गोव्याने. ही दगडात कोरलेली कुंडी, इथे तिला कोळंबी म्हणतात. तिच्यात बोंडं पायांनी तुडवतात. चोथ्याचा ढीग रचून वर वजन ठेवलं की थेंबथेंब पाझरतो तो नीरो, गोड आणि नितळ. तुडवून निघालेला रस काही दिवस आंबतो, मग भाटीवर चढतो. पहिल्या धारेचा हुर्राक, तो पुन्हा उकळला की फेणी. 2009 मध्ये या फेणीला भौगोलिक मानांकन मिळालं.

(दृश्य : पुन्हा बाग, झाडाखालचा सडा)

सीमेच्या अलीकडे तीच माती, तीच झाडं. बोंड एक-दोन दिवसांत आंबून जातं, आणि बहुतेक बागांत ते उचलायला कुणी थांबत नाही. भाव ठरतो तो फक्त बियांचा.