हॅश टेबलवर लूप फिरवताना

एमआयआरसी या आयआरसी चॅट प्रोग्रॅमच्या स्क्रिप्टमध्ये हॅश टेबल, म्हणजे नाव आणि मजकूर अशा जोड्यांचं टेबल, वापरणं सोपं आहे. नाव सांगा, मजकूर हजर. पंचाईत होते ती नावं माहीत नसतात तेव्हा. समजा, चॅनेलवर, म्हणजे गप्पांच्या खोलीत, कोण शेवटचं कधी दिसलं याच्या नोंदी आपण एका टेबलात ठेवतो. आयटम (नोंदीचं नाव) म्हणजे निक, अर्थात चॅटमधलं टोपणनाव; डेटा (मजकूर) म्हणजे सीटाइम, अर्थात सेकंदांत मोजलेली वेळ. आता महिनाभर न फिरकलेल्यांना काढायचंय. त्यांचे निक कुणाला पाठ आहेत?

अशा वेळी टेबलातलं वाचून देणाऱ्या एचगेटला निकऐवजी आकडा द्यायचा. टेबलाच्या नावापुढे शून्य आणि शेवटी ‘डॉट आयटम’ लिहिलं, की एकूण नोंदी कळतात. शून्याच्या जागी एक लिहिला, की पहिल्या नोंदीचा निक; ‘डॉट डेटा’ लावलं तर तिचा मजकूर. मग तेच काम पुन्हा पुन्हा करणारा एक व्हाइल लूप, आकडा धरून ठेवणारं एक व्हेरिएबल, झालं काम. महिरपी कंसांच्या आणि तुलनेच्या चिन्हांच्या दोन्ही बाजूंना स्पेस मात्र सोडा. त्या बाबतीत एमआयआरसीचं सोवळं फार कडक आहे.

पहिली नोंद म्हणजे आधी भरलेली नोंद, असं धरून चालू नका. कुठली नोंद कुठल्या कप्प्यात जाणार, हे तिच्या नावावरून ठरतं. टेबल बनवणाऱ्या एचमेकला आकडा दिला नाही तर १०० कप्पे मिळतात. ती नोंदींची मर्यादा नव्हे. १०० कप्प्यांत हजार नोंदीही सुखाने राहतात. पण लूपमध्ये त्या भरल्याच्या क्रमाने येतील, ही अपेक्षा सोडा. यादी तारखेनुसार हवी असेल तर ती वेगळी सॉर्ट करावी लागते.

आता खरी मेख. लूप तिसऱ्या नोंदीवर आहे, ती शिळी निघाली, तुम्ही एचडेलने ती काढली. त्याच क्षणी चौथी नोंद सरकून तिसरी झाली. लूप मात्र पुढे चारवर गेला. सरकलेली नोंद तपासलीच गेली नाही! एररही येत नाही. स्क्रिप्ट पुन्हा चालवली की आणखी काही नावं उडतात, तिसऱ्यांदा आणखी काही. माणूस बिचारा ३० दिवसांचे २५,९२,००० सेकंद पुन्हा पुन्हा गुणून बघत बसतो. गणित बरोबरच असतं. उपाय सोपा: शेवटच्या आकड्यापासून सुरू करा आणि एकापर्यंत उतरत या. मग नोंद काढली तरी सरकतात त्या तपासून झालेल्याच.

बाकी, नोंद भरणाऱ्या एचअॅडला भरतानाच यू स्विच (जादा सूचनेचं अक्षर) आणि सेकंद दिले तर नोंद मुदत संपल्यावर आपोआप जाते. तेवढ्यासाठी लूप लिहायची गरजच नाही.

यादी चॅनेलवर ओतू नका, सर्व्हर फ्लड समजून बाहेर काढेल. फक्त आपल्याला दाखवणाऱ्या एको कमांडने आपल्याच विंडोत बघा. आणि लूपमध्ये आकडा घटवायची ओळ राहून गेली तर तो संपणारच नाही, विंडो गोठेल. कंट्रोल आणि ब्रेक एकदम दाबा, लूप थांबेल.