स्विलोवांनी राखलेलं दप्तर

श्रोतेहो, नमस्कार.

'मॅन विथ अ मूव्ही कॅमेरा' हा १९२९ सालचा सोव्हिएत मूकपट. त्यात एका ठिकाणी पडद्यावरची सगळी धावपळ एकाएकी थांबते. बग्गीचा घोडा धावता धावता थिजतो. डोक्याला रुमाल बांधलेली म्हातारी, लहान मुलांचे चेहरे, सगळं जागच्या जागी. मग दिसते टेबलाशी बसलेली एक बाई. खालून उजेड येणाऱ्या काचेवर तिने फीत धरली आहे आणि फळ्यांवर चिठ्ठ्या लावलेली रिळं रचलेली आहेत. ती कात्री चालवते, तुकड्याला तुकडा जोडते, आणि आत्तापर्यंत निश्चल असलेला मुलाचा चेहरा हलायला लागतो. संकलन म्हणजे काय, हे इतक्या थोडक्यात आणि इतकं स्पष्ट दाखवणारा दुसरा प्रसंग मला माहीत नाही.

ती बाई म्हणजे येलिझावेता स्विलोवा. जन्म १९०० चा. मॉस्कोत पाथे या फ्रेंच चित्रपट कंपनीच्या कामावर त्या कोवळ्या वयातच फिती कापायला-जोडायला शिकल्या. पुढे दिग्दर्शक झिगा वेर्तोव यांच्याशी त्यांचं लग्न झालं. वेर्तोव, त्यांचे छायाचित्रकार भाऊ मिखाईल कौफमन आणि स्विलोवा यांनी स्वतःला 'तिघांचं मंडळ' म्हणवून १९२३ मध्ये जाहीरनामा काढला. नट नको, लिहिलेली गोष्ट नको, समोरचं जगणं टिपायचं आणि त्याला अर्थ द्यायचा तो जोडणीतून, असा त्यांचा आग्रह. त्यांच्या 'किनो-प्रावदा' वार्तापटाचे २३ अंक निघाले.

तिशीच्या दशकात वारं फिरलं. वेर्तोव यांच्या योजना मंजूर होईनात आणि अखेरची वर्षं त्यांनी ठरावीक साच्याचे वार्तापट करण्यात काढली. फेब्रुवारी १९५४ मध्ये ते मॉस्कोत वारले. तोवर त्यांचं नाव बरंच मागे पडलं होतं.

आणि घरात कागद होते. रोजनिशा, पत्रं, भाषणांचे खर्डे, कधीच न झालेल्या चित्रपटांचे आराखडे. त्यांत मला सर्वांत मोलाच्या वाटतात त्या जोडणीच्या आकृत्या आणि तक्ते. कोणत्या दृश्यामागून कोणतं, कोणता तुकडा किती फ्रेमचा, हे तबल्याच्या बोलांसारखं मोजून मांडलेलं. चित्रपट पाहताना जो वेग उत्स्फूर्त वाटतो, तो कागदावर आधी किती बारकाईने बेतला जाई, ते इथे कळतं.

स्विलोवांनी हे सगळं लावलं, राखलं. १९६६ मध्ये वेर्तोव यांचे लेख, रोजनिशा आणि आराखडे मॉस्कोत पुस्तकरूपाने आले. १९७५ मध्ये स्विलोवा गेल्या. दप्तराचा मोठा भाग मॉस्कोच्या साहित्य-कला अभिलेखागारात आहे, तर त्यांनीच दिलेला आणखी एक भाग व्हिएन्नाच्या ऑस्ट्रियन फिल्म म्युझियममध्ये. संग्रहांना नाव वेर्तोव यांचं आहे. माझ्या मते तिथे स्विलोवांचंही नाव तितक्याच ठळकपणे यायला हवं. आयुष्यभर फिती लावणाऱ्या बाईने अखेरीस कागद लावले, आणि ते कामही संकलनाचंच होतं.

कागदांनी चित्रपट कसा परत येतो, तेही ऐका. १९१७ च्या रशियन क्रांतीच्या पहिल्या वर्धापनदिनासाठी १९१८ मध्ये, वयाच्या बाविसाव्या वर्षी, वेर्तोव यांनी जवळपास दोन तासांचा चित्रपट जोडला होता. पुढे त्याची रिळं मोडली गेली, तुकडे इतर चित्रपटांत वापरले गेले. तुकडे होते, पण क्रम हरवला होता. मूकपटात दृश्यांच्या मधे मजकुराच्या पाट्या येतात. मॉस्कोच्या याच अभिलेखागारात या चित्रपटातल्या पाट्यांचा मजकूर अभ्यासकांच्या हाती लागला. इतिहासकार निकोलाय इझ्वोलोव यांनी तो समोर ठेवून मॉस्कोजवळच्या क्रास्नोगोर्स्कच्या माहितीपट अभिलेखागारातली दृश्यं एकेक करून ओळखली आणि आपापल्या जागी बसवली. २०१८ मध्ये, पुरत्या शंभर वर्षांनी, तो चित्रपट अ‍ॅमस्टरडॅमच्या माहितीपट महोत्सवात दाखवला गेला. त्यानंतर इझ्वोलोव यांनी वेर्तोव यांचाच १९२१ चा यादवी युद्धावरचा चित्रपट हाती घेतला, आणि २०२१ मध्ये तोही पडद्यावर आला.

नमस्कार.