परातीतला हिवाळा

(दृश्य: सकाळचं ऊन आलेली गच्ची. सतरंजीवर मोठी परात. त्यात चुरमुरे ओतले जात आहेत.)

चुरमुऱ्यांचा हा आवाज ऐका. आपल्यापैकी बहुतेकांचं त्याकडे लक्षही जाणार नाही. पण ऑटिझम (स्वमग्नता) असलेलं एखादं मूल हाच आवाज काढत कितीतरी वेळ रमेल, आणि दुसरं एखादं कान घट्ट झाकून खोलीबाहेर पळेल. पहिलं हट्टी नाही आणि दुसरं नाटक करत नाही. त्यांना तो आवाज खरोखरच तसा ऐकू येतो. २०१३ साली अमेरिकेतल्या मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने निदानाचे निकष नव्याने मांडले. तेव्हा आवाज, स्पर्श, वास, उजेड, थंडी यांना मिळणारा फार तीव्र किंवा फार मंद प्रतिसाद ऑटिझमच्या लक्षणांत नोंदवला गेला. घरोघरच्या आयांना ते त्याच्या खूप आधीपासून दिसत होतं.

हिवाळ्यात तर ते जास्तच दिसतं.

(दृश्य: दोरीवर वाळणारे स्वेटर, कानटोपी, पायमोजे.)

लोकर टोचते. कानटोपीने कानावर दाब येतो. मोज्याची शिवण बोटांपाशी खुपत राहते. उलट काही मुलांना थंडी वाजल्याचं लवकर कळतच नाही. हात गार पडले तरी ती उघड्या अंगाने फिरतात. म्हणून स्पर्श, आवाज, वास यांच्या खेळांना, म्हणजे सेन्सरी खेळांना, बसण्याआधी कपडे बघा. आत मऊ, धुऊन धुऊन जुना झालेला सुती सदरा, मोजे हवे तर उलटे घातलेले, गळ्यामागची पट्टी काढून टाकलेली. अंगाला सतत काहीतरी टोचत असेल, तर मुलाचं लक्ष खेळात लागणार कसं?

इंटरनेटवर हिवाळ्याचे सेन्सरी खेळ शोधले, की खोटा बर्फ, कापसाचे हिममानव आणि पाइनची फळं दिसतात. ज्या मुलांच्या दारात बर्फ पडतो, त्यांच्यासाठी ते ठीकच आहे. आपल्या मुलाने मात्र बर्फ पाहिला असेल तो फ्रीजमधला. त्याच्या ओळखीचा हिवाळा म्हणजे तीळ, शेंगा, बाजरी, ऊस, बोरं, गोधडी. तेच त्याच्यापुढे ठेवावं.

(दृश्य: बाजरीच्या कोमट पिठात दाबली जाणारी बोटं.)

गरम पाण्यात मळलेलं बाजरीचं पीठ कोमट झालं की द्या. थोडं खरखरीत, थोडं चिकट, हाताला ऊब देणारं. चिकटपणा नको असेल तर तेलाचं बोट लावा. तरीही नको असेल तर चमचा द्या, किंवा पीठ पिशवीत घालून वरून दाबायला द्या. मूल नुसतं बघत बसलं, तर बघू द्या. त्याचा हात धरून पिठात घालू नका. जबरदस्तीने किळस जात नाही. पुढच्या वेळी परात दिसताच ते लांब पळतं, एवढंच होतं.

खलबत्त्यात भाजलेले तीळ कुटणं हा थंडीतला आणखी एक सुंदर खेळ. कुटताना स्नायूंवर, सांध्यांवर जोर पडतो आणि आपला हात कुठे आहे, किती ताकद लावतोय, हे शरीराला कळत जातं. कॅलिफोर्नियातल्या ऑक्युपेशनल थेरपिस्ट (रोजची कामं जमावीत म्हणून मदत करणाऱ्या तज्ज्ञ) ए. जीन एअर्स यांनी संवेदनांच्या एकत्रीकरणाचा, म्हणजे वेगवेगळ्या संवेदना मेंदू एकत्र कशा जुळवतो याचा, विचार मांडला, त्यात या जाणिवेला मोठं स्थान आहे. आवाज सोसत नसेल तर खलबत्त्याऐवजी पोळपाट-लाटणं घ्या.

(दृश्य: जमिनीवर अंथरलेली जाड गोधडी.)

आणि ही गोधडी. टेंपल ग्रँडिन या ऑटिस्टिक शास्त्रज्ञांनी तरुणपणी गुरांना दाबून धरणारा पिंजरा पाहिला आणि स्वतःसाठी तसंच एक यंत्र बनवलं. माणसांची मिठी त्यांना सोसत नसे, पण घट्ट आणि आपल्या ताब्यातला दाब त्यांना शांत करी. ‘आपल्या ताब्यातला’ हे विसरू नका. मुलाला गोधडीत गुंडाळायचं तर तोंड आणि मान मोकळी हवी, आणि मनात येईल तेव्हा त्याला स्वतःहून बाहेर येता आलं पाहिजे. गोधडीने झोप वाढेल अशी आशाही धरू नका. ब्रिटनमध्ये जड पांघरुणांचा अभ्यास झाला, तो २०१४ साली छापून आला. झोप काही वाढली नव्हती. मुलांना आणि पालकांना ती पांघरुणं आवडली मात्र होती. आवडलं, हेही कारण पुरेसं आहे. हे खेळ ऑटिझमवरचा उपचार नाहीत आणि तशी जाहिरात करणाऱ्यांपासून दूर राहिलेलं बरं.

एक काळजी मात्र कायम घ्या. जे मूल हाताला लागेल ते तोंडात घालतं, त्याच्यापुढे शेंगदाणे, फुटाणे, बोरं, संक्रांतीचा काटेरी हलवा असलं काही नको. आणि मूल कोणतंही असो, मोठं माणूस शेजारी हवंच.

(दृश्य: काळं झबलं. हलव्याचे दागिने. बोरं, चुरमुरे, उसाचे करवे, रेवड्या.)

आता बोरन्हाण. लहान मुलांसाठीचा हा किती प्रेमाचा सण! पण स्वमग्न मुलाच्या बाजूने बघा. अनोळखी गर्दी, नवे कपडे, हलव्याचे काटे गळ्याला टोचतायत, आणि अचानक डोक्यावरून धबधबा. वर सगळ्यांच्या टाळ्या. मूल रडलं की कुणीतरी म्हणतंच, “अगं, घाबरट आहे का गं हा?”

सण टाळायची गरज नाही. फक्त ओतणारे हात बदला. परात मुलासमोर ठेवा आणि त्याला ओतू द्या: बाहुलीवर, ताईच्या ओंजळीत, आजोबांच्या पायांवर. चार दिवस आधीपासून रोज थोडा वेळ ते चुरमुऱ्यांशी खेळलेलं असू द्या. दागिने गळ्यात घालण्याऐवजी हातात द्या. हलव्याचे काटे बोटांनी चाचपणं काही मुलांना फार आवडतं. पाहुणे मोजके बोलवा, आणि टाळ्या वाजवू नका हे त्यांना फोनवरच सांगून ठेवा. आजीला वाईट वाटेल, तिला आधी सगळं समजावून सांगा. बहुतेक आज्या ऐकतात.

बोरन्हाण संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत कधीही करता येतं. मूल त्या दिवशी तयार नसलं, तर परात उचलून ठेवा आणि पुढचा एखादा दिवस धरा.