अंधारातली वाट आणि कागदांची पिशवी

श्रोतेहो, नमस्कार. शहर झपाट्याने वाढू लागले की सुरक्षिततेची चर्चा बहुधा पोलीस, कॅमेरे आणि कुंपणाच्या भिंती यांच्याभोवतीच फिरत राहते. या गोष्टी निरुपयोगी आहेत असे मी म्हणणार नाही. पण शहराच्या कडेला नव्याने येऊन राहिलेल्या माणसाला भीती नेमकी कशाची वाटते, हे आधी पाहायला हवे.

रात्रीचे दोन वाजले आहेत, घरात शौचालय नाही, सार्वजनिक शौचालय दोनशे पावलांवर आहे आणि वाटेवरचा दिवा बंद आहे. अशा वेळी घरातली बाई शेजारणीला हाक मारते, मुलाला उठवून सोबत नेते, नाहीतर उजाडेपर्यंत तशीच पडून राहते. संध्याकाळनंतर पाणी पिणे तर तिने केव्हाच कमी केलेले असते. यातले काहीही पोलिसांच्या नोंदवहीत येत नाही, कारण गुन्हा घडलेलाच नसतो.

आणि गुन्हा घडतो तेव्हा? केप टाऊनलगतच्या खायेलित्शा या विस्तीर्ण वस्तीतील पोलीस कारभाराची चौकशी करण्यासाठी २०१२ मध्ये आयोग नेमला गेला. पोलीस आणि रहिवासी यांच्यातील विश्वासच तुटला असल्याचे त्याच्या २०१४ च्या अहवालात नोंदवलेले आहे. तक्रार करून काही होत नाही असे वाटू लागले की जमाव स्वतःच न्याय करू लागतो; तिथेही संशयितांना ठार मारण्याचे प्रकार घडले होते.

कोलंबियातील मेदेयीन हे शहर १९९० च्या दशकाच्या आरंभी खुनांसाठी जगभर कुप्रसिद्ध होते. तिथे २००४ मध्ये डोंगरउतारावरच्या गरीब वस्त्या रोपवेने मेट्रोला जोडल्या गेल्या, पुढे ग्रंथालये उभी राहिली, आणि २०११ मध्ये एका चढणीच्या वस्तीत उघड्यावर सरकते जिनेही बसवले गेले. खून कमी झाले ते केवळ यामुळे, असे म्हणणे भाबडेपणाचे ठरेल, कारण त्याच काळात सशस्त्र टोळ्यांच्या निःशस्त्रीकरणाचीही प्रक्रिया चालू होती. तरीही, ज्या चढणीवरून पूर्वी टोळीच्या मर्जीनेच जावे लागे, तिथे रोज शेकडो माणसांची ये-जा सुरू होणे ही काही किरकोळ गोष्ट नव्हे.

याच्या नेमके उलट भिंतीचे आहे. भिंतीआडचा माणूस निश्चिंत होतो खरा. पण भिंतीबाहेरच्या रस्त्यावर ना खिडकी उरते ना दार, आणि त्या रस्त्याने पायी जाणाऱ्याला हाकेला ओ देणारे कोणी राहत नाही.

चर्चेत सहसा न येणारी भीती मात्र चोराची नसून बुलडोझरची आहे. झिंबाब्वेमध्ये २००५ साली सरकारने शहरांतील अनधिकृत घरे आणि धंदे पाडले, तेव्हा संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजाप्रमाणे सुमारे सात लाख लोकांचे घर, उपजीविका किंवा दोन्हीही गेले. ज्याच्या पायाखालची जमीन अशी कोणत्याही सकाळी निघून जाऊ शकते, तो पक्के दार कशाला बसवील आणि तक्रार नोंदवताना आपला पत्ता तरी कसा सांगेल? तो दाराला कुलूप घालतो आणि कामावर निघताना घराचे असतील नसतील ते कागद व मुलांचे दाखले पिशवीत भरून बरोबर नेतो.