बिनरस्त्याचं रान मोजायचं कसं?

मंडळी, अमेरिकेच्या राष्ट्रीय वनांमध्ये आज सुमारे ३ लाख ७० हजार मैल रस्ते आहेत. त्यातले बहुतेक लाकूडतोडीसाठी काढलेले. या जाळ्यातून जे तुकडे सुटले, त्यांचं पुढे काय करायचं यावर तिथे साठ वर्षं वाद चालू आहे. मला त्यातली एकच गोष्ट सांगायची आहे. अशा रानाची पाहणी करताना खोट कशाला म्हणायचं, हे आधी ठरतं आणि बऱ्याचदा निकाल तिथेच लागतो.

३ सप्टेंबर १९६४ रोजी अध्यक्ष जॉन्सन यांनी विल्डरनेस, म्हणजे कायम राखून ठेवायच्या वन्य रानांच्या, कायद्यावर सही केली. कायद्याचा मसुदा लिहिणारे हॉवर्ड झॅनिसर त्याआधी चार महिन्यांपूर्वीच वारले होते. अटी तशा मोजक्याच. क्षेत्र किमान ५,००० एकर असावं, किंवा लहान असलं तरी जपता येण्याजोगं असावं. तिथे एकांत किंवा मोकळी भटकंती मिळावी. माणसाच्या कामाच्या खुणा एकंदरीत नजरेत भरू नयेत. दर्जा देण्याचा अधिकार फक्त काँग्रेसला, म्हणजे तिथल्या संसदेला. एकदा दर्जा मिळाला की रस्ता नाही, मोटार नाही, व्यापारी तोड नाही.

राष्ट्रीय वनं सांभाळणाऱ्या वनखात्याने, म्हणजे फॉरेस्ट सर्व्हिसने, याचा अर्थ फार सोवळा लावला. पूर्वेकडची जंगलं कधी ना कधी तोडली गेली आहेत, तेव्हा तिथे विल्डरनेस असूच शकत नाही, असं त्यांचं म्हणणं. डोंगरावरून शहर दिसतं, गाड्यांचा आवाज येतो, म्हणूनही रानं बाद झाली. काँग्रेसने हे मानलं नाही. जानेवारी १९७५ च्या कायद्याने पूर्वेकडच्या, पूर्वी तोड झालेल्या जंगलांनाही दर्जा मिळाला. १९७८ मध्ये अल्बुकर्की शहराला अगदी खेटून असलेला सांडिया पर्वत यादीत आला. मला हा निर्णय सर्वस्वी योग्य वाटतो. जंगल भरून येतं. तोंडाशी मातीचा बांध घालून बंद केलेला जुना तोडीचा रस्ता बघा. मोरीचा पाइप गंजलेला, चाकोऱ्यांत मनगटाएवढी झाडं उगवलेली, बुंध्यांवर शेवाळ. माहिती नसलेला माणूस त्यावरून चालत गेला तर त्याला रस्ता जाणवेल का? पाहणी करणाऱ्याने विचारायचा प्रश्न हा आहे. इथे कधी कुऱ्हाड चालली होती का, हा नव्हे.

दुसरी खोट जास्त महागात पडली: लाकडाची किंमत. ऑरेगनमधल्या फ्रेंच पीट खोऱ्याचं उदाहरण घ्या. कमी उंचीवरचं, जुन्या डग्लस फर या सूचिपर्णी झाडांचं जंगल. थ्री सिस्टर्स पर्वतांच्या संरक्षित क्षेत्राची नवी हद्द आखताना १९५७ मध्ये हे खोरं बाहेर काढलं गेलं, कारण तिथे तोडण्याजोगं लाकूड होतं. वरचे खडक आणि बर्फ मात्र आत राहिले. लोकांनी वीस वर्षं झगडून १९७८ मध्ये ते परत आत आणलं. लाकूड नाही तिथेच संरक्षण द्यायचं ठरवलं, तर सखल भागातली जुनी अरण्यं, जी सगळ्यात दुर्मीळ आहेत, तीच आधी जातात.

बिनरस्त्याच्या रानांची देशभर मोजणी दोनदा झाली. पहिल्या वेळी, १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला, ५ कोटी ६० लाख एकर तपासून जेमतेम १ कोटी २३ लाख एकर पुढच्या अभ्यासासाठी निवडले. दुसऱ्या वेळी, १९७७ ते १९७९ मध्ये, ६ कोटी २० लाख एकरांपैकी दीड कोटींची विल्डरनेससाठी शिफारस झाली, तर ३ कोटी ६० लाख एकर इतर वापरासाठी मोकळे ठेवायचं ठरलं. कॅलिफोर्निया राज्य कोर्टात गेलं. १९८२ मध्ये अपील न्यायालयाने सांगितलं की प्रत्येक रानाचा स्वतंत्र, पुरेसा अभ्यासच झालेला नाही. हजारो एकरांची ओळख दोन पानी संगणकी तक्त्यात उरकली होती. तक्ता वाईट नसतो. पण ओढा कुठून वाहतो, त्यात कोणते मासे अंडी घालतात, हे त्यात मावत नाही. त्यासाठी माणसाला खोऱ्यात उतरावं लागतं.

आणखी एक मुद्दा. ही रानं निर्मनुष्य कधीच नव्हती. मूलनिवासी लोक तिथे राहत, शिकार करत, ठरवून आग लावून जंगल राखत. मोंटानातल्या सेलिश आणि कूटनाई लोकांनी १९८२ मध्ये मिशन पर्वतांत स्वतःच्या जमातीच्या अधिकारात विल्डरनेस जाहीर केलं. पाहणीच्या टेबलावर या लोकांना सुरुवातीपासून जागा हवी.

सध्या वनखात्याचे आराखडे नव्याने होताना यादी, मूल्यमापन, विश्लेषण आणि शिफारस या क्रमाने पाहणी करावी लागते, आणि लोकांना हरकती-सूचना मांडता येतात. २००१ च्या नियमाने सुमारे ५ कोटी ८५ लाख एकरांवर नव्या रस्त्यांना मोठ्या प्रमाणावर मनाई केली होती. जून २०२५ मध्ये कृषिमंत्री ब्रूक रोलिन्स यांनी तो नियम रद्द करण्याचा इरादा जाहीर केला. नियम एक सरकार करतं, दुसरं मोडतं. काँग्रेसचा कायदा मोडायला काँग्रेसच लागते. म्हणून आज कुठल्या खोऱ्याच्या नोंदी नीट होतात आणि कुठल्या खोऱ्याचं नाव यादीतून आधीच गळतं, याकडे आपलं बारीक लक्ष हवं.