पहिली बादली गार का येते?

मंडळी, "कोणता गिझर घ्यावा तेवढं सांगा," असं मला इथे बोलावताना सांगितलं होतं. गिझरकडे येतोच. पण आधी मला सांगा, सकाळी गरम पाण्याचा नळ सोडल्यावर तुमच्याकडे किती गार पाणी मोरीत जातं? बादली लावून कुणी मोजलंय?

आपल्या आजीच्या काळी तांब्याचा बंब न्हाणीघराच्या दाराशीच असायचा. पाणी तापलं की बंबाच्या तोटीतून थेट बादलीत. आता सोलर गच्चीवर आणि आपण तीन मजले खाली. पाऊण इंची सीपीव्हीसी पाइपमध्ये मीटरमागे साधारण पाव लिटर पाणी मावतं. वळणं धरून २४ मीटर पाइप असेल, तर ६ लिटर गार पाणी आधी बाहेर पडणार, मगच गरम येणार. घरातले चौघं वेगवेगळ्या वेळी आंघोळ करत असतील, तर दर वेळी तेच. त्यात एखाद्याला धीर धरवत नाही, तो सरळ गिझर लावतो. २० लिटर पाणी २० अंशांनी तापवायला जवळपास अर्धा युनिट लागतो, आणि वर गच्चीवर टाकी गरम पाण्याने भरलेली असते! मला याचं फार वाईट वाटतं.

म्हणून माझा पहिला सल्ला बिनखर्चाचा आहे. आंघोळी पाठोपाठ उरका. पाइप एकदा तापला की दुसऱ्याला थांबावं लागत नाही. सुरुवातीचं गार पाणी बादलीत धरा, लादी पुसायला, झाडांना होतं.

दुसरं, पाइपवर काळ्या फोमची नळी चढवा. एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगतो. रात्रभर उभं राहिलेलं पाणी या नळीने सकाळपर्यंत गरम राहणार नाही, पहिली बादली गारच येईल. फायदा होतो तो दोन आंघोळींच्या मधल्या अर्ध्या-पाऊण तासात. गच्चीवरच्या भागाला अ‍ॅल्युमिनियमची टेप गुंडाळा, नाहीतर उन्हाने फोम तडकतो.

नळाच्या तोंडाला बसवायच्या, पाण्याची धार कमी करणाऱ्या जाळीबद्दल बरेच जण विचारतात. स्वयंपाकघरात आणि बेसिनला जरूर बसवा, तिथे वाहतं पाणी वापरतो. बादली भरायच्या नळाला कशाला? बादलीत पाणी तेवढंच मावणार, फक्त भरायला वेळ लागेल.

आता गिझर. त्यावरचे तारे काय सांगतात? टाकीतलं तापलेलं पाणी नुसतं उभं असताना किती उष्णता गमावतं, ते. ज्यांच्या घरी गिझर दिवसभर चालू असतो, त्यांनी पाच तारेच घ्यावेत. जे वीस मिनिटं लावून, पाणी वापरून बंद करतात, त्यांना तीन आणि पाच ताऱ्यांत फारसा फरक जाणवणार नाही. त्यांनी चालू गिझर मोडीत काढू नये. तो पैसा न्हाणीघराजवळ बसणाऱ्या लहान गिझरसाठी ठेवावा. अर्धा इंची पाइपमध्ये मीटरमागे लिटरचा आठवा हिस्साच पाणी असतं, म्हणजे दोन मीटरवर गिझर असेल तर वाया जाणारं पाणी पेलाभर.

बोअरचं पाणी असलेल्यांसाठी एक गोष्ट. कॉइलवर क्षारांचं पुट चढलं की बिल खूप वाढतं, असं सांगून नवा गिझर गळ्यात मारतात. कॉइल पाण्यातच बुडालेली असते, तिची उष्णता जाणार कुठे? शेवटी पाण्यातच. खरा तोटा वेगळा आहे. पुटाखाली कॉइल जास्त तापते आणि लवकर जळते. तेव्हा वर्षा-दोन वर्षांनी गिझर उघडून साफ करून घ्या, आणि आतला मॅग्नेशियमचा दांडा झिजला असेल तर बदला. तो स्वतः गंजतो म्हणून टाकी वाचते.

ठिबकणारा नळ मात्र आजच. त्यातही गरम पाण्याचा आधी, कारण तिथे पाण्याबरोबर वीजही जाते. बहुतेक वेळा आतला वायसरच गेलेला असतो. किती जातंय ते पाहायचं असेल तर रात्री निजताना नळाखाली पातेलं ठेवा आणि सकाळी तांब्याने मोजा. पुढच्या वेळी येताना तो आकडा आणि गार पाण्याच्या बादलीचा आकडा घेऊन या, तुमच्या घरात आधी काय करायचं ते आपण त्यावरून ठरवू.